बावीस अक्षरांमागची मुलं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कात्रीबाई परदेशी निघाल्यात, ही बातमी त्यांच्या नवऱ्याच्या आधी मला कळली, यात माझा काही दोष नाही. जिन्याच्या तोंडाशी माझी खुर्ची असते आणि बाईंच्या सासूबाईंना जिना चढताना दम लागतो. दम खायला माणूस थांबलं की बोलणारच.

"सुनेला पाठवताहेत," सासूबाई म्हणाल्या. "विमानानं. बावीस पोरं घेऊन."

"कुणाची?"

"लोकांची! तुम्हीपण ना, भावोजी."

कात्रीबाई एका इंटरनॅशनल शाळेत हस्तकला शिकवायच्या. शाळा इंटरनॅशनल कशानं, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "पाटीवर तसं लिहिलंय." त्या शाळेत हस्तकलेला हस्तकला म्हणत नाहीत, 'क्रिएटिव्ह मेकिंग' म्हणतात, कात्री मात्र तीच, आणि कागद कापताना मुलं जीभ बाहेर काढतात तीही तशीच.

बाई अकरा वर्षं तिथं होत्या, पण हंगामी. सुट्टी लागली की त्यांची नोकरी सुटायची आणि शाळा उघडली की पुन्हा लागायची. त्यामुळे अकरा वर्षांत त्या अकरा वेळा रुजू झाल्या, आणि अकराही वेळा 'नव्या शिक्षकांचं स्वागत' या कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत बसवून गुलाबाचं फूल देण्यात आलं. फूल देणारी शिपाईण पाचव्या वर्षापासून हसू दाबायची. आठव्या वर्षी बाईंनीच तिला सांगितलं, "हस गं, हस. निदान तुला तरी मी जुनी वाटते."

तर परदेशवारी. सहलीचं नाव होतं 'ग्लोबल एक्स्पोजर'. न्यायला खरं तर गणिताच्या बाई होत्या. पण त्यांच्या पासपोर्टाची मुदत संपल्याचं निघायच्या तीन आठवडे आधी उघडकीला आलं. तारखांची बेरीज-वजाबाकी गणिताच्या बाईंना जमू नये, यावर शिक्षकांच्या खोलीत चार दिवस चहा गोड लागला. मग शोधाशोध झाली. कात्रीबाईंकडे पासपोर्ट होता. कधीकाळी परदेशातल्या दिरानं "वहिनी, तुम्हाला बोलावतो" म्हटलं होतं तेव्हा काढलेला, दिराच्या शब्दासारखाच कोरा करकरीत.

शाळेच्या मुख्य बाईंना सगळे 'मोठ्या मॅडम' म्हणत. त्यांनी कात्रीबाईंना केबिनमध्ये बोलावलं. सोबत जाणारे खेळाचे शिक्षक, म्हणजे शिट्टी सर, तिथं होतेच; गळ्यात शिट्टी, बंद खोलीतसुद्धा.

"बाई," मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या कायम होण्याचं बरीच वर्षं रखडलंय, नाही का?"

"अकरा," बाई म्हणाल्या.

"ही सहल नीट पार पाडा. पालकांची एकही तक्रार आली नाही, तर परत आल्या दिवशी तुमचं पत्र तयार. सर साक्षीला आहेत."

"एकही?"

"शून्य," मोठ्या मॅडम म्हणाल्या आणि बोटांनी तो गोल करून दाखवला.

बाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नात्यातल्या सगळ्यांना फोन केले आणि नवऱ्यानं, तो औषधांच्या दुकानात असतो, बावीस पोटांसाठी बावीस दुखण्यांची पिशवी भरून दिली. "ओकारीची हिरवी, जुलाबाची पांढरी," त्यानं बजावलं. "उलटं दिलंस तर तुझं कायम होणं गेलंच."

तक्रार येते कुठून? ग्रुपवरून. पालकांचा ग्रुप होता, त्यात बावीस आया, बावीस बाप आणि एक आजोबा होते. आजोबांना कुणी घातलं ते अजून कळलेलं नाही. विमान उडायच्या आधीच या पंचेचाळीस जणांनी बाईंना सळो की पळो करून सोडलं. "माझ्या पिल्लूला खिडकी हवी." "माझ्या बच्चूला खिडकी नको." "दूध गरम आहे का बघाल ना?" "तिकडची हवा कोरडी असते, ओठांना लावायला आठवण करा." आजोबा रोज सकाळी एक सुविचार टाकत आणि सगळे त्याला हात जोडत.

शाळेनं पालकांना वचन दिलं होतं: दिवसातून तीन फोटो. प्रत्येकात बावीसच्या बावीस मुलं, चेहरे हसरे, पुढे शाळेच्या नावाचं बॅनर, मागे काहीतरी शैक्षणिक. शिक्षण झालं याचा पुरावा फोटो, बाकी कशाला काय पुरावा असतो?

इथं कात्रीबाईंच्या डोक्यातून ती युक्ती निघाली. शाळेचं नाव लांबलचक, मोजून बावीस अक्षरांचं. बाईंनी ती अक्षरं स्वतः निळ्या कापडातून कापून बॅनरवर शिवली होती आणि एकेका मुलाला एकेक अक्षर नेमून दिलं. बॅनर धरलं की प्रत्येकानं आपापल्या अक्षरामागे उभं राहायचं. डोकी मोजत बसायला नको. अक्षरावर डोकं दिसलं की मूल आहे. दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिट्टी सर उभे राहत आणि पोट आत घेत. ही पद्धत मोठ्या मॅडमना इतकी आवडली की त्यांनी तिला 'अल्फाबेटिकल सेफ्टी सिस्टीम' असं नाव देऊन ग्रुपवर जाहीर केलं. पंचेचाळीस टाळ्या पडल्या.

मी हे सगळं ऐकलं ते अर्धं शिट्टी सरांकडून आणि पाऊण सासूबाईंकडून. अर्धं आणि पाऊण मिळून सव्वा होतं; वरचा पाव कुणाचा, ते विचारू नका.

पहिले दोन दिवस झकास गेले. एक किल्ला झाला, एक चॉकलेटचा कारखाना झाला, एक मोठी घंटा झाली. मुलांनी या सगळ्यांकडे पाठ केली, कारण फोटोत तोंड पुढे लागतं. किल्ल्यावर गाइड चार शब्द सांगायला लागला की शिट्टी सरांची शिट्टी वाजे, "अक्षरं!" आणि मुलं धावत बॅनरमागे. किल्ला कुणी बांधला हे एकालाही सांगता आलं नसतं, पण आपल्या डावीकडे कुठलं अक्षर आहे हे झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मुलं एकमेकांना हाक मारायचीच "ए सातवं! पाणी दे."

अपवाद होता सतराव्या अक्षराचा. त्यामागे उभी राहायची ती दहा वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी मुलगी. तिचं शाळेतलं नाव 'प्रश्नपत्रिका'. हिला प्रश्न पडायचे आणि ते ती विचारायची, हा तिचा गुन्हा. चॉकलेटच्या कारखान्यात "रात्री हे यंत्र बंद करतात तेव्हा आतलं चॉकलेट घट्ट होत नाही का?" असं विचारून तिनं गाइडला घाम फोडला होता. शिट्टी सर बाईंना म्हणाले, "हिला बसमध्येच बसवत जाऊ. वेळेचा खोळंबा होतो."

"विचारू दे की हो, सर. एकटी तर आहे विचारणारी."

"बाई, तुम्हाला कायम व्हायचंय की नाही?"

 या एका वाक्यानं बाईंना त्या आठवड्यात कुणीही गप्प करू शकत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जुन्या वस्तूंचं संग्रहालय होतं. बाहेर बोचरा वारा, त्यामुळे शाळेनं दिलेली पिवळी जाकिटं मुलांनी हनुवटीपर्यंत चढवलेली, टोप्या कपाळावर ओढलेल्या. आत शेकडो वर्षांपूर्वीचे रांजण होते, फुटलेले आणि पुन्हा जोडलेले. प्रश्नपत्रिका एका रांजणापुढे थांबली. "हा तुकडा इथलाच, हे यांना कसं कळलं?" तिनं गाइडला विचारलं. गाइड म्हणाला, पुढे चला. तिनं शिट्टी सरांना विचारलं. सर म्हणाले, पुढे चल. तिनं बाईंना विचारलं. बाईंनाही तो प्रश्न चांगला वाटला होता, पण तेवढ्यात फोन थरथरला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "दुपारचा फोटो??" दोन प्रश्नचिन्हं. 

"बाहेर पायऱ्यांवर!" त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी! अक्षरं!"

पायऱ्यांवर जत्राच होती. तिथं आणखी एक शाळा आलेली, दुसऱ्याच कुठल्या देशातली, आणि देवाची करणी अशी की त्यांचीही जाकिटं पिवळी. शिट्टी सरांनी बॅनर उलगडलं. मुलं आपापल्या अक्षरामागे लागली. सतराव्या अक्षरामागची जागा रिकामी होती. जवळच एक पिवळं जाकीट, टोपी डोळ्यांवर, कबुतरं बघत उभं होतं. सरांनी त्याला खांद्याला धरून अक्षरामागे आणलं.

"जागा सोडू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं गं? हस!"

ते पिवळं जाकीट काही बोललं नाही, पण हसलं, आणि फार गोड हसलं. बाईंनी फोनमधून पाहिलं. बावीस अक्षरं, बावीस डोकी. खटकन फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला. दोन प्रश्नचिन्हं शांत झाली. लाल बदाम यायला लागले.

आणि मग प्रश्नपत्रिकेच्या आईचा निरोप आला: "माझी परी!! चष्मा काढलास ते किती छान केलंस! दोन दिवसांत गाल पण भरलेत. तिकडची हवा मानवली गं तुला!" खाली वडिलांचा अंगठा. त्याखाली आजोबांचं, "मुलीचं रूप आईवर गेलं आहे."

बाई निरोप वाचत बसमध्ये चढल्या. सरांनी शिट्टी वाजवून आत पिटाळलेली मुलं बसली होती. त्या खाऊचे पुडे वाटत मागच्या रांगेपर्यंत गेल्या. सतरावं अक्षर खिडकीशी बसलं होतं. बाईंनी पुडा पुढे केला. टोपी वर झाली आणि टोपीखालून एक अनोळखी मुलगी कुठल्यातरी अनोळखी भाषेत अत्यंत नम्रपणे आभार मानून पुडा फोडू लागली.

 त्या क्षणी त्यांच्याजवळ एक मूल कमी होतं, एक मूल जास्त होतं, आणि हिशेब मात्र बरोबर होता.

"बस थांबवा!"

बस उभीच होती. शिट्टी सर धावत आले. मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा मुलीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी न वाजवता कुजबुजले, "ही आपली नाही?"

"तुम्हीच आणलीत!"

"तुम्ही फोटो काढलात!"

"सर, हिला आधी हिच्या माणसांत सोडून या. पायऱ्यांवर बघा, कुणीतरी रडत असेल."

"आणि आपली?"

"मी आणते."

सर जाता जाता वळले. "बाई, ऐका. तिच्या आईनं फोटोला बदाम दिलाय. कुणाला काही कळलेलं नाही. ऑफिसला फोन करू नका, तुमच्या पत्राचं वाटोळं होईल. मिळाली की गुपचूप बसमध्ये."

"आणि नाही मिळाली तर?"

सर त्या मुलीचा हात धरून खाली उतरले.

बाई पायऱ्या चढून आत पळाल्या. संग्रहालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. दारावरचा पहारेकरी घड्याळ दाखवत होता. बाई त्याला छातीशी हात धरून "एवढी, एवढी" अशी उंची दाखवत होत्या. पहिल्यांदा त्यांनी केलं ते आपण सगळेच करू: दुकानात बघितलं. कारण बाकीची एकवीस हरवली असती तर दुकानातच सापडली असती. मग खाण्याच्या जागी. मग स्वच्छतागृहात. तेरा मिनिटं उरली. बाई एका बाकावर टेकल्या आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी मोठ्या मॅडमचा नंबर काढला. अंगठा बटणावर होता. अकरा वर्षं, अकरा गुलाब, आणि वर ती गोल केलेली बोटं. पाच मिनिटांत सापडली नाही तर फोन करायचा, असं त्यांनी ठरवलं. पत्र जाऊ दे खड्ड्यात.

आणि बसल्या बसल्या त्यांना आठवलं, पोरीनं काय विचारलं होतं. त्या उठल्या आणि थेट रांजणांकडे गेल्या. रांजणांच्या दालनाच्या टोकाला एक अरुंद दार होतं, त्यावर आत येऊ नये अशा अर्थाचा लाल हात रंगवलेला. बाईंनी दार ढकललं.

खाली तळघरात मोठ्या टेबलावर दिवा लावून एक म्हातारा कारागीर बसला होता. पुढे ओल्या वाळूचा ट्रे, त्यात उभा रोवलेला अर्धा माठ, आणि शेदोनशे खापऱ्या. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर गुडघे टेकून प्रश्नपत्रिका, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यामुळे दोघांचं छान चाललं होतं. ती एक खापरी उचलून लावून बघे, म्हातारा मान हलवे, नाही. दुसरी. नाही. मग म्हाताऱ्यानं तिचं बोट धरून खापरीच्या आतल्या बाजूवरून फिरवलं. आत कुंभाराच्या बोटांच्या रेघा होत्या, फिरत गेलेल्या. रेघेला रेघ जुळली की तुकडा तिथला.

"बाई!" ती म्हणाली, दचकली वगैरे अजिबात नाही. "बघा ना, रंगावरून नाही ओळखायचं. आतून ओळखायचं."

बाईंना तिला एक ठेवून द्यायची होती आणि पोटाशी धरायची होती; दोन्हीच्या मध्ये त्या तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल. सगळे थांबलेत."

"हा एकच तुकडा. होतच आलाय."

सात मिनिटं उरली होती. कात्रीबाई अकरा वर्षं हाताचं काम शिकवत होत्या. त्यांनी तो तुकडा होऊ दिला.

बसमध्ये शिट्टी सर घामाघूम बसले होते. दुसऱ्या शाळेच्या बाई सापडल्या, रडतच होत्या. मुलगी परत मिळाल्यावर त्यांनी सरांना मिठी मारली, कारण त्यांना वाटलं यांनी तिला शोधून आणलं. सरांनी तो गैरसमज दूर केला नाही.

"झालं तर मग," सर बाईंना म्हणाले. "काही घडलंच नाही."

पण प्रश्नपत्रिकेला उत्तरंही देता येतात, हे सर विसरले. संध्याकाळी जेवणाआधी मुलांना घरी फोन करायची मुभा होती. तिनं आईला तळघर, वाळू, रेघा असं सगळं सविस्तर सांगितलं. आई म्हणाली, पण तू तर फोटोत होतीस! मुलगी म्हणाली, "ती मी नाही. ती दुसरीच कोणतरी आहे. मला चष्म्याशिवाय पायऱ्या तरी दिसतात का, आई?"

कात्रीबाई शेजारीच उभ्या होत्या. संपलं, त्यांना वाटलं. आता तक्रार.

पाच मिनिटांनी ग्रुपवर "माझी परी!!" च्या जागी 'हा संदेश काढून टाकला आहे' असं दिसायला लागलं. त्याबरोबर वडिलांचा अंगठाही गेला. फक्त आजोबांचं 'रूप आईवर गेलं आहे' तेवढं तसंच राहिलं, आता ते कुणाच्या रूपाबद्दल आहे हे कुणाला कळेना. मग बाईंचा फोन वाजला.

"बाई," आईचा आवाज एकदम खाली आलेला, "तिला कुठं लागलं-बिगलं नाही ना?"

"नाही हो. अगदी मजेत आहे. चूक माझी झाली. मी चेहरे न बघता अक्षरं बघितली. तुम्ही तक्रार केलीत तर ती बरोबरच आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "तक्रार कसली करू? करायची म्हटलं तर काय लिहू? पंचेचाळीस जणांसमोर?" आणि आणखी खालच्या आवाजात, "हे आपल्या दोघींत राहू दे. तिच्या बाबांनासुद्धा मी सांगितलंय की चष्मा पुन्हा लावला."

सहल परतली. तक्रारी शून्य. परतल्यावर शाळेला एक छापील अहवाल भरून द्यावा लागतो, सरांनी एक भरायचा आणि बाईंनी एक. सरांनी विमानातच भरला: 'सर्व ठीक'. बाईंचा फॉर्म दोन दिवस घरात टेबलावर पडून होता. नवरा म्हणाला, "मुलीची आईच तक्रार करत नाही, तर तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" सासूबाईंनी बाईंना माझं मत घ्यायला पाठवलं, मी म्हणालो, मला काही कळत नाही, पण काय ठरतंय ते आधी मला सांगा.

बाईंनी लिहिलं. 'हरवलेले विद्यार्थी' या रकान्यात: एक, सापडली. पुढे रकाना नव्हता, म्हणून त्यांनी पट्टीनं रेघ मारून नवा केला: 'जास्तीचे विद्यार्थी'. एक, परत केली. आणि खाली, अक्षरांची पद्धत बंद करावी, मुलांना नावानं हाक मारून 'हजर' ऐकावं, अशी सूचना.

मोठ्या मॅडमच्या टेबलावर कायम नेमणुकीचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. शेजारी नव्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेचा नमुना. मुखपृष्ठावर पायऱ्यांवरचा तोच फोटो, बावीस डोकी. मोठ्या मॅडमनी अहवाल वाचला. मग भिंग घेऊन सतरावं अक्षर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, सरांना आणि तिच्या आईला." माझं नाव बाईंनी घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

"आई तक्रार करणार आहे?"

"नाही."

"लेखी?"

"तोंडीसुद्धा नाही."

मोठ्या मॅडमनी अहवालावरचा तो नवा रकाना पेनानं खोडायला घेतला. बाईंनी कागदावर हात ठेवला.

"तो राहू दे, मॅडम. पत्र नाही दिलंत तरी चालेल. पुढल्या वर्षी दुसरं कुणीतरी पोरं घेऊन जाईल, त्यांना हे माहीत असायला हवं."

मोठ्या मॅडमनी बाईंकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी त्यांनी शिट्टी सरांसमोर शून्याचा गोल करून दाखवला होता, आणि शिट्टी सर आतापर्यंत तो गोल अख्ख्या शाळेला दाखवून मोकळे झाले होते. तक्रार नाही, पुस्तिका छापायला तयार, आणि पालकांचे बदाम मोजायला जागा नाही. बाईंना नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच उरलं नव्हतं. त्यांनी अहवाल फाइलीत सरकवला, फाइल सगळ्यात खालच्या खणात, आणि पत्रावर सही ठोकली.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. पत्र पुढे केलं, पण सोडलं नाही. "एक सांगा. ती दुसरी मुलगी. तिच्या आईवडिलांचा नंबर घेतलात?"

"नंबर? कशाला?"

"कशाला काय, बाई! परदेशी मुलगी आपल्या बॅनरमागे स्वतःहून उभी राहिली, हसली, बसमध्येसुद्धा बसली. प्रवेशाचं विचारायला नको?" मोठ्या मॅडमनी पत्र सोडलं. "आता तुम्ही कायम आहात. इतकं गाफील राहून चालायचं नाही."